मंत्रचळ आणि मेंदूतली तार

‘याला ठाण्याला भरती करा’ ही थट्टा ठाणेकरांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकली आहे. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. त्याचा धसका अजून गेलेला नाही. त्यात मेंदूच्या ऑपरेशनचं नाव काढलं की घरात बोलणंच खुंटतं. तीव्र ओसीडी, म्हणजे मंत्रचळ (तेच विचार, त्याच कृती पुन्हापुन्हा), यावर डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूत खोलवर तार बसवून सौम्य वीज सोडणं, हा एक उपचार आहे; त्याबद्दलही तेच होतं. ही भीती अगदीच अडाणी नाही.

१९३५ मध्ये पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी मेंदूच्या पुढच्या भागातले तंतू तोडायला सुरुवात केली. १९४९ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं! अमेरिकेत वॉल्टर फ्रीमन डोळ्याच्या खोबणीतून टोकदार हत्यार घालून हेच करत. रुग्ण शांत होई, पण कित्येकांचा स्वभाव, उमेद, सगळंच त्यासोबत जाई. १९५०च्या दशकात क्लोरप्रोमाझिन हे मानसिक आजारावरचं औषध आलं आणि ही लाट ओसरली.

स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांचा मार्ग जरा वेगळा होता. मोजमाप घेऊन इंटर्नल कॅप्सूलच्या, म्हणजे मेंदूतल्या खोल तंतूंच्या पट्ट्याच्या, पुढच्या भागातली नेमकी जागा तेवढी निकामी करायची. ओसीडीच्या काही रुग्णांना गुण आला. पण जाळलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही.

१९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलला अलीम-लुई बेनाबिद हातांच्या कंपावर शस्त्रक्रिया करत होते. जाळण्याआधी जागा तपासायला वीज सोडायची रीत होती. वेगवान स्पंदनांनी कंप तिथल्या तिथे थांबतो, हे त्यांनी हेरलं. मग जाळायचं कशाला, तारच ठेवून द्यावी! १९९९ मध्ये बेल्जियमच्या बार्ट नटिन यांच्या गटाने ओसीडीच्या रुग्णांमध्ये इंटर्नल कॅप्सूलच्या त्याच भागात तारा बसवल्याचं प्रसिद्ध केलं. बॅटरी छातीच्या कातडीखाली. प्रवाह कमी-जास्त करता येतो, बंदही. माझ्या मते खरा फरक इथेच पडला. तरी कवटीला भोक पाडावंच लागतं, रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाचा धोका राहतोच. बातम्यांतला ‘मेंदूचा पेसमेकर’ हा शब्द ते झाकून टाकतो.

अमेरिकेने ओसीडीसाठी या उपचाराला २००९ मध्ये परवानगी दिली, तीही मर्यादित. आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारावरच्या मेंदूच्या शस्त्रक्रियेला रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती आणि कायद्याखालच्या मानसिक आरोग्य मंडळाची मंजुरी, दोन्ही सक्तीची केली. नातेवाइकांची सही पुरत नाही.

आणि हा उपाय अगदी शेवटचा. पुरेशा मात्रेत, पुरेसे दिवस औषधं आणि भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं नेणारी वर्तनोपचार पद्धत, हे सगळं करून झाल्यावरच त्याचा विचार होतो. ठाणे असो की वाशी, आजीचं तासन्‌तास हात धुणं ‘सोवळं’ म्हणून खपून जातं, तिथे पहिली गोळीच उशिरा सुरू होते. तार बसल्यावरही औषधं आणि वर्तनोपचार बहुधा चालूच ठेवावे लागतात.