ऑइल कुठून गळतं, ते आधी पाहा

पाच सेकंदाला एक थेंब म्हटलं तर किरकोळ वाटतं. पण हिशेब मांडून पाहा. ऑइलचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा, म्हणजे वीस थेंबांचा एक मिलिलिटर. इंजिन चालू असताना पाच सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर तासाला ३६ मिलिलिटर ऑइल रस्त्यावर गेलं. जळगावहून धुळे सुमारे ९० किलोमीटर; तिथे पोहोचेपर्यंत ८० मिलिलिटरच्या आसपास गेलेलं असतं. शंभर सीसीच्या मोटरसायकलमध्ये ऑइल असतं जेमतेम लिटरभर, काहींत त्याहूनही थोडं कमी. तीनदा जाऊन-येऊन झालं की निम्मं इंजिन कोरडं. उलट एखाद्या कव्हरच्या कडेला नुसती ओल असते, तिच्यावर धूळ बसून काळा थर जमतो, पण खाली थेंब कधीच पडत नाही. अशी इंजिनं वर्षानुवर्षं चालतात आणि त्यांना हात लावायची घाई नसते.

तेव्हा पाना स्वतः उचलायचा की गाडी मिस्तरीकडे न्यायची, हे ठरवण्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात: किती जातंय आणि कुठून जातंय. हे दोन्ही शोधण्याचं काम गाडीच्या मालकाने स्वतःच करावं, असं माझं ठाम मत आहे. त्याला हत्यारं लागत नाहीत, आणि मिस्तरीला तेवढा वेळ नसतो.

डाग जिथे पडतो तिथे गळती नसते, ही यातली मुख्य फसगत. मातीच्या धाब्याच्या घरात पाणी एका जागी टपकतं आणि माती खचलेली असते भलतीकडे, तसंच हे. ऑइल वजनाने खाली उतरतं, चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकललं जातं आणि अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांमधून वाट काढत शेवटी चेंबरच्या, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीच्या, सर्वांत खालच्या बोल्टवरून थेंब होऊन पडतं. मग बोल्टवर खापर फुटतं. बघायचं असतं ते सर्वांत वरच्या आणि सर्वांत पुढच्या ओल्या जागेकडे. इंजिन थंड असताना डिझेलने किंवा साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुवा, पूर्ण वाळू द्या, संशय असेल तिथे अंगाला लावायची पांढरी पावडर भुरभुरा आणि दहा मिनिटं गाडी चालवून आणा. पावडर जिथे पहिल्यांदा काळी पडेल तिथे गळती. (धुवायला पेट्रोल मात्र नको. तापलेल्या सायलेन्सरशेजारी पेट्रोलची चिंधी घेऊन बसलेली माणसं पाहिली की अंगावर काटा येतो.)

गळती कधी होते, हेही बरंच सांगून जातं. रात्रभर उभ्या गाडीखाली डाग पडत असेल, तर वाट ऑइलच्या पातळीच्या खाली आहे: ड्रेन बोल्ट, बाजूची कव्हरं, खालच्या फिरत्या शाफ्टची रबरी सीलं. उभी असताना कोरडी आणि चालली की ओली होत असेल, तर ऑइल उडून किंवा दाबाने बाहेर येतंय: इंजिनच्या माथ्यावरचं टॅपेट कव्हर, फिल्टरचं झाकण, वरच्या ऑइलच्या नळ्या. आणि कुठेच ओल नाही, तरी पातळी उतरतेय, सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय, तर गाडी ऑइल गळत नाही, पिते. तो आजार वेगळा. त्यात पॅकिंग (दोन भागांमधली फट बुजवणारा थर) बदलून काही होणार नाही.

खान्देशात ही तक्रार उन्हाळ्यात जास्त कानावर येते. "भाऊ, गाडी ऑइल फेकी राहिनी" हे वाक्य मे महिन्यात कुठल्याही गॅरेजवर ऐकून घ्या. पारा ४५ अंशांकडे गेलेला असतो, पण खुद्द हवेच्या उष्णतेपेक्षा तिचा परिणाम महत्त्वाचा. साध्या मोटरसायकलचं इंजिन हवेवर थंड होतं. हवाच तापलेली असली की आतलं ऑइलही जास्त तापतं. ऑइल तापलं की पातळ होतं, आणि ते किती पातळ होतं याचा आपल्याला अंदाज नसतो. २० डब्ल्यू ४० या प्रतीच्या ऑइलचा दाटपणा ४० अंशांवर असतो त्याच्या आठव्या-नवव्या हिश्श्यावर १०० अंशांना येतो. सकाळी जी फट ऑइलला पुरत नव्हती, ती दुपारी पुरते.

दुसरा मार रबराला बसतो. बहुतेक साधी ऑइल सीलं नायट्राइल रबराची असतात आणि सतत १०० अंशांपर्यंतची उष्णता सोसतात. त्यापुढे रबराच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींना जास्तच घट्ट जोडल्या जाऊ लागतात, त्याला मऊ ठेवणारी द्रव्यं ऑइलमध्ये उतरतात आणि सील कडक होतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रातला ढोबळ ठोकताळा इथेही लागू पडतो. नखाने दाबून बघा: चांगलं सील दबतं, म्हातारं सील टकटक वाजतं.

तिसरी गोष्ट धूळ. ऑइल सीलमध्ये रबराची एक पातळ ओठासारखी कड फिरत्या शाफ्टवर टेकलेली असते आणि तिच्या मागे बारीक स्प्रिंगची कडी तिला दाबून धरते. काळ्या मातीची धूळ ऑइलमध्ये कालवून त्या कडेखाली शिरली की पोलादी शाफ्टवर हळूहळू एक खाच पडते. बोट फिरवलं तर नखाला लागते. अशा शाफ्टवर नवं सील बसवलं, तर त्याची कड त्याच खाचेत जाऊन बसते आणि महिनाभरात गळती परत. जाणता मिस्तरी सील एखाद-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवतो, म्हणजे कड कोऱ्या धातूवर येते. किंवा शाफ्टवर धातूची पातळ नळी, म्हणजे स्लीव्ह, चढवतो. पन्नास-शंभर रुपयांचं सील कोणीही आणेल. पैसे द्यायचे असतात ते ही खाच बघणाऱ्या नजरेचे.

घरी करण्यासारखं काय? ड्रेन बोल्टचं वॉशर, फिल्टरच्या झाकणाचा ओ-रिंग (गोल रबरी कडी), टॅपेट कव्हरचं रबर. तिन्ही बाहेरून दिसतात, चार-दोन बोल्ट काढले की हाती येतात आणि चुकलं तरी पुन्हा काढता येतात. वॉशर मऊ धातूचं असतं, दाबलं जाऊन फट भरतं, म्हणून दरवेळी नवं घालावं. गडबड होते ती आवळताना. बऱ्याच मोटरसायकलींचा ड्रेन बोल्ट २५ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचा असतो. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण १७ किलोचा जोर, बस. 'घट्ट केलेलं बरं' म्हणून पान्यात पाइप घालून हात तिप्पट लांब केला की जोरही तिप्पट. बोल्ट पोलादी, आटे अॅल्युमिनियमचे. कोण हरणार ते उघड आहे. मग वीस रुपयांच्या वॉशरचं काम लेथवाल्याकडे आटे मारून घेण्यावर जातं.

सिलिकॉनच्या ट्यूबवर अनेकांची श्रद्धा असते. माझी नाही. बाहेरून ऑइलाळलेल्या धातूवर ते धरतच नाही, आणि दोन कव्हरांमध्ये जाड थर दिला तर जास्तीचं आत पिळलं जाऊन ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसू शकतं. गळती थांबली आणि पंप उपाशी, असा सौदा. जिथे कंपनीने पॅकिंग दिलंय तिथे पॅकिंगच घालावं.

काही वेळा दोष पॅकिंगचा नसतोच. पिस्टनच्या कडेने थोडा जळका वायू खाली चेंबरमध्ये उतरतो; त्याला बाहेर पडायला ब्रीदरची नळी दिलेली असते. ट्रॅक्टरवर ही नळी बहुधा खाली तोंड करून उघडी असते, चिखलाने बुजते, कधी तिच्यात कुंभारीण माशी मातीचं घर बांधून जाते. मग आतला दाब वाढतो आणि ऑइल सर्वांत कच्च्या सीलमधून बाहेर ढकललं जातं. सील बदला, आठवड्याने दुसरं फुटेल. म्हणून ट्रॅक्टरची एकाहून जास्त सीलं एकदम गळू लागली, तर आधी ती नळी काडीने मोकळी करून बघा. फुकटचं काम आहे. नळी मोकळी असूनही ऑइल भरायच्या झाकणातून भकभक धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत आणि काम बोअरपर्यंत, म्हणजे पिस्टन सरकतो त्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीपर्यंत, गेलंय.

मिस्तरीकडेच द्यायचं ते असं: क्रँकची (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य शाफ्टची) सीलं, हेडचं (इंजिनच्या माथ्याचं) पॅकिंग, क्रँककेसची (म्हणजे चेंबरची) चीर. ट्रॅक्टरमध्ये इंजिन आणि क्लच जिथे जुळतात त्या घराच्या तळाला बहुतेकदा एक छोटं भोक असतं, त्यात एक सैल पिन लोंबत असते. हलत राहून ती भोक बुजू देत नाही. तिथून इंजिनचं ऑइल टपकत असेल, तर बहुधा क्रँकचं मागचं सील गेलंय. ते थेंब दिसावेत म्हणूनच ते भोक आहे. नाहीतर ऑइल क्लच प्लेटवर जाईल आणि नांगर जमिनीत असताना क्लच घसरेल. हे सील बदलायला ट्रॅक्टर मधून वेगळा करावा लागतो. साखळी, ठोकळे आणि दोन माणसं नसतील, तर घरच्या ओसरीत हा उद्योग करू नये. गाडी वॉरंटीत असेल, तर साधं कव्हरही उघडू नका.

मागच्या टायरवर ऑइल येत असेल, तापलेल्या सायलेन्सरवर पडून धूर होत असेल किंवा ऑइलचा लाल दिवा लागला असेल, तर घर-मिस्तरी हा वाद सोडा. गाडी तिथेच बंद करा आणि टेम्पोत घालून न्या.

काढलेलं काळं ऑइल बांधावर ओतू नये. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांत ते घातक कचऱ्यात मोडतं, आणि जुन्या ऑइलमधली काही द्रव्यं कातडीलाही वाईट, म्हणून हातमोजे घाला. डबा भरून गॅरेजवाल्याला द्या. त्याच्याकडून ते गोळा करणारे नेतात.

आणि गाडी देताना 'ऑइल गळतंय, बघून घ्या' एवढंच सांगू नका. उभी असताना गळते की चालताना, पावडर पहिल्यांदा कुठे ओली झाली, हजार किलोमीटरला किती ऑइल टाकावं लागलं, ते सांगा. सील बदलायचं ठरलं, तर जुनं सील परत मागा आणि नवं ठोकण्याआधी शाफ्टवर स्वतः नख फिरवून बघा.