दुखापत आणि जबर दुखापत: रक्त किती गेले यावर कलम ठरत नाही

भांडणात एकाच्या डोक्यावर ठोसा बसतो, केसांच्या आतली कातडी फाटते, सदरा रक्ताने भिजतो आणि आठ टाके पडतात. दुसऱ्याची करंगळी कोणीतरी पिरगाळतो, रक्ताचा थेंबही येत नाही, बोट फक्त सुजते, आणि एक्स-रेमध्ये हाडावर केसाएवढी बारीक रेघ दिसते. बघणाऱ्याला पहिला माणूस गंभीर जखमी वाटतो. कायद्याच्या हिशेबात मात्र, आत हाड शाबूत असेल आणि जिवाला धोका नसेल, तर पहिल्याला झाली ती ‘दुखापत’, आणि दुसऱ्याला झाली ती ‘जबर दुखापत’. बातमीतला ‘गंभीर जखमी’ आणि कायद्यातली ‘जबर दुखापत’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, त्यामुळे फिर्यादीला आपल्यावर अन्याय झाल्यासारखे वाटते आणि आरोपीला आपण थोडक्यात सुटलो असे वाटते. बऱ्याचदा दोघेही चुकीचे असतात.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 114 प्रमाणे शारीरिक वेदना, रोग किंवा दुर्बलता यांपैकी काहीही दुसऱ्याला पोचवले की ती दुखापत होते. ही व्याख्या इतकी रुंद आहे की सणसणीत थप्पडही तिच्यात बसते. कलम 116 मधली जबर दुखापतीची व्याख्या याच्या अगदी उलट, बंदिस्त आहे. तिच्यात आठच प्रकार आहेत आणि नववा प्रकार न्यायालयालाही जोडता येत नाही. पुरुषत्व नष्ट होणे, एका डोळ्याची दृष्टी किंवा एका कानाची श्रवणशक्ती कायमची जाणे, अवयव किंवा सांधा गमावणे अथवा त्याची शक्ती कायमची क्षीण होणे, डोके किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणे, हे पहिले सहा प्रकार वाचताच समजतात. विद्रूपतेचा प्रकार फक्त डोके आणि चेहऱ्यापुरता आहे, एवढे लक्षात ठेवावे. छातीवर राहिलेला तेवढाच मोठा व्रण या प्रकारात येत नाही.

खरे वाद होतात ते सातव्या आणि आठव्या प्रकारावर. सातवा प्रकार हाड किंवा दात मोडण्याचा अथवा निखळण्याचा आहे. हाड आरपार मोडायला हवे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होरी लाल खटल्यात 1969 साली आला, तेव्हा हाडाला चीर गेली किंवा त्याची कपची उडाली तरी तो अस्थिभंगच, असे न्यायालयाने स्पष्ट केले. करंगळीवरची ती बारीक रेघ म्हणूनच पुरेशी ठरते. मात्र हाडावर नुसता ओरखडा असेल, तर ते मोडले म्हणता येत नाही, आणि वैद्यकीय प्रमाणपत्रातला एखादा ढिला शब्द उलटतपासणीत प्रकरण फिरवू शकतो.

आठव्या प्रकारात जिवाला धोका निर्माण करणारी दुखापत येते, किंवा जिच्यामुळे माणूस 15 दिवस तीव्र वेदनेत राहतो अथवा आपले नेहमीचे व्यवहार करू शकत नाही अशी दुखापत येते. 1860 च्या भारतीय दंड संहितेत ही मुदत 20 दिवसांची होती, त्यामुळे 1 जुलै 2024 पूर्वीच्या घटनेला जुनाच निकष लागतो. इथे सर्वांत मोठा गैरसमज असा की, रुग्णालयात पंधरवडा काढला म्हणजे कलम लागलेच. तसे नाही. खाटेवर किती दिवस काढले यापेक्षा त्या दिवसांत वेदना तीव्र होत्या का, किंवा रोजचे काम खरोखर अशक्य होते का, हे सिद्ध करावे लागते. देखरेखीसाठी ठेवून घेतलेला रुग्ण आपोआप या प्रकारात जात नाही.

आता शिक्षेतले अंतर पाहू. इच्छापूर्वक दुखापत पोचवल्यास कलम 115(2) खाली कमाल 1 वर्ष कारावास, 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जबर दुखापतीला कलम 117(2) खाली कमाल 7 वर्षे कारावास, आणि दंडही. काही देशांत ही वाढ वेगळ्या रीतीने केली जाते. कॅलिफोर्नियात मूळ गुन्ह्याच्या शिक्षेवर, मोठी शारीरिक इजा केल्याबद्दल, साधारणपणे आणखी 3 वर्षे चढवणारे स्वतंत्र कलम आहे. आपल्याकडे बेरीज होत नाही, गुन्ह्याचे कलमच बदलते. नव्या संहितेने वर आणखी एक पायरी घातली आहे: दुखापतीमुळे कायमचे अपंगत्व आले किंवा माणूस कायमच्या अचेतन अवस्थेत गेला, तर कलम 117(3) खाली किमान 10 वर्षे सश्रम कारावास, आणि कमाल म्हणजे उरलेले सगळे नैसर्गिक आयुष्य तुरुंगात.

कलम बदलले की पोलीस ठाण्यातला रस्ताही बदलतो. साधी दुखापत अदखलपात्र असल्याने आधी ‘एनसी’ (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) केली जाते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही. एक्स-रेचा अहवाल आल्यावर कलम वाढवले जाते आणि तेच प्रकरण दखलपात्र होते. जामीन मात्र 115(2) आणि 117(2) या दोन्हींत हक्काने मिळतो. तडजोडीत पुन्हा फरक आहे: साध्या दुखापतीत जखमी व्यक्ती स्वतः मिटवू शकते, 117(2) मध्ये न्यायालयाची परवानगी लागते.

शरीराला काय झाले, याबरोबर ते कशाने केले हाही प्रश्न आहे, आणि दोन्हींची गल्लत करू नये. गोळी झाडण्याचे, भोसकण्याचे किंवा कापण्याचे हत्यार, आग, विष किंवा जीव जाऊ शकेल असे साधन वापरले, तर साध्या दुखापतीलाही कलम 118(1) खाली 3 वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, आणि जबर दुखापतीला 118(2) खाली जन्मठेप किंवा 1 ते 10 वर्षे. हा गुन्हा अजामीनपात्र आहे. दगड हे असे हत्यार आहे का? मथाई विरुद्ध केरळ राज्य या 2005 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दगडाचा आकार पाहून नकारार्थी उत्तर दिले आणि दोषसिद्धी जुन्या दंड संहितेच्या कलम 326 (घातक हत्याराने जबर दुखापत) वरून 325 (नुसती जबर दुखापत) वर आणली. हाताला येईल ती वस्तू हत्यारच, असे धरून चालत नाही.

राहिला हेतू. हाड मोडले एवढ्यावर 117(2) पूर्ण होत नाही. जबर दुखापत करण्याचा हेतू होता, किंवा तशी होण्याचा संभव आहे याची जाणीव होती, हे दाखवावे लागते. हेतू एका प्रकारच्या जबर दुखापतीचा आणि झाली दुसऱ्या प्रकारची, तरी सुटका नाही. पण गर्दीत नुसता ढकलला गेलेला माणूस हातावर पडून करंगळीला चीर जाणे वेगळे, आणि ओरडत असलेल्या माणसाची करंगळी धरून मागे पिरगाळत राहणे वेगळे. एक्स-रे दोन्हींचा सारखाच येईल.