ट्रू बायपास म्हणजे शुद्ध आवाज? तसं नाही

"ट्रू बायपास पेडलच घ्या, बफरवाली आवाज खातात," हा सल्ला गिटारवाल्यांत वर्षानुवर्षं फिरतोय. (पेडल म्हणजे गिटार आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये जोडलेली, आवाज बदलणारी पायाची डबी; बफर म्हणजे सिग्नलला बळ देणारं छोटं सर्किट.) सल्ला अर्धवट आहे.

ट्रू बायपासमध्ये पेडल बंद केलं की सिग्नल सर्किटला न शिवता पुढे जातो, हे खरं. पण मग ॲम्पपर्यंतची सगळी केबल थेट पिकअपच्या, म्हणजे तारांची थरथर टिपणाऱ्या गिटारमधल्या कॉइलच्या, गळ्यात पडते. केबलचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) मीटरमागे साधारण 100 पिकोफॅरड. गिटार ते पेडलांचा बोर्ड 6 मीटर, बोर्ड ते ॲम्प 6 मीटर, म्हणजे झाले की 1200! पॅसिव्ह (बॅटरीविना चालणाऱ्या) पिकअपला हे झेपत नाही, ट्रेबल (आवाजातली वरची धार) गळतो. सगळी पेडलं बंद, तरी आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा, तो यामुळे. बॉस कंपनीच्या पेडलांतला बफर हाच भार स्वतःवर घेतो.

बदनामी झाली ती जुन्या वाह ('वा-वा' आवाज काढणाऱ्या) पेडलांमुळे. ती बंद असतानाही सिग्नलवर लटकलेली असायची. त्यांचं पाप बफरच्या माथी!

जर्मेनियम फझच्या (जर्मेनियम ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या, आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलच्या) आधी मात्र बफर नकोच. गिटारचा व्हॉल्यूम उतरवला की फझ जो सुंदर निवळतो, ते बिघडतं. फझ पहिला, बफर त्यानंतर. ड्रम मशीनवाल्यांनी निश्चिंत राहावं, त्यांचं आउटपुट मुळातच लो इम्पीडन्स असतं, म्हणजे केबलचा भार त्याला पेलतो.