अलाबामाची काळी माती

वऱ्हाडातला शेतकरी अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या मधोमध उभा राहिला, तर पायाखालची माती त्याला ओळखीची वाटेल. काळी, भिजली की पायाला लगडणारी, सुकली की भेगाळणारी. आपली रेगूर बेसॉल्ट झिजून झाली. तिथली समुद्राची देणगी. सुमारे आठ कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ, उबदार समुद्र होता. त्यातल्या सूक्ष्म शैवालांची चुन्याची कवचं तळाशी साचली, त्यांचा खडू झाला आणि तो झिजून ही माती. या पट्ट्याचं 'ब्लॅक बेल्ट' (काळा पट्टा) हे नाव आधी मातीचं होतं, तिथल्या कृष्णवर्णीय माणसांना ते नंतर चिकटलं.

मेक्सिकोच्या आखातातून बाष्प येत राहतं, म्हणून पाऊस बाराही महिने. किनाऱ्यावरच्या मोबील शहरात वर्षाला १६०० मिलिमीटरहून जास्त. कापसाला लागणारे, गोठवणारी थंडी नसलेले सुमारे २०० दिवसही मिळतात. उरली वेचणीची माणसं. ती विकत आणली गेली. १८६० च्या शिरगणतीत राज्यातल्या ९,६४,२०१ पैकी ४,३५,०८० माणसं गुलाम होती. पुढच्याच वर्षी यादवी युद्ध पेटलं, अमेरिकी कापूस अडला आणि मुंबईचे व्यापारी मालामाल झाले. १८६५ मध्ये युद्ध संपताच त्यातल्या कित्येकांचं दिवाळं वाजलं.

गुलामी गेली, पण तीच माणसं त्याच जमिनीवर बटईने राबत राहिली. मग १९१० च्या सुमारास मेक्सिकोकडून बोंडातला सोंडकिडा आला (आपली बोंडअळी नव्हे, हा भुंगेरा) आणि पीक फस्त करू लागला. आग्नेयेकडच्या एंटरप्राइज गावाने भुईमूग लावला, तो चांगला पिकला, आणि १९१९ मध्ये गावाने किड्याचंच स्मारक उभारलं! एवढा मोकळेपणा राजकारणात नव्हता. १९०१ च्या राज्यघटनेने मतदानावर कर आणि साक्षरतेची चाचणी लादून कृष्णवर्णीयांचं मत जवळजवळ पुसून टाकलं होतं. याच पट्ट्यातल्या लाउंड्स परगण्यात ते बहुसंख्य, तरी १९६५ उजाडलं तेव्हा त्यांच्यातला एकही नोंदलेला मतदार नव्हता. त्या मार्चमध्ये मतदानाच्या हक्कासाठी निघालेला सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चा याच परगण्यातून गेला. ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला. आज निवडणुकीच्या नकाशावर रिपब्लिकन लाल रंगातून जाणारा डेमोक्रॅट निळा पट्टा साधारण त्या खडूवरूनच जातो.

पुढे मोटारींचे कारखाने आले: १९९७ मध्ये व्हान्सला मर्सिडीज, २००५ मध्ये माँटगोमेरीत ह्युंदाई. लाउंड्सच्या खेड्यांत मात्र प्रश्न शौचालयाचा आहे. चिकण मातीत पाणी मुरत नाही, त्यामुळे साधी सेप्टिक टाकी तुंबते. या जमिनीत चालेल अशी यंत्रणा गरिबाला परवडत नाही. मग घरातून सरळ एक नळी काढतात आणि मैला मागच्या अंगणात सोडतात. २०२३ मध्ये केंद्राच्या न्याय खात्याने राज्याच्या आरोग्य खात्याशी यावर करार केला. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रातल्या ट्रम्प सरकारने तो मोडीत काढला.