ट्युलिपचं वाण निवडताना: रंगाआधी कुळाकडे का बघावं

ट्युलिपच्या कंदांच्या पाकिटावर चार गोष्टी छापलेल्या असतात: वाणाचं नाव, गटाचं नाव, फुलण्याचा काळ आणि कंदाचा घेर. घेणारा बहुतेकदा पाचवीच गोष्ट बघतो, फुलाचा फोटो. पहिल्या वसंतात हा फोटो सहसा खोटा ठरत नाही, कारण त्या वर्षीची कळी कंद हातात पडण्याआधीच आत तयार झालेली असते. खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी होते. काही वाणं तेवढ्याच जोमाने पुन्हा उगवतात, काहींचं नुसतं एक रुंद पान वर येतं आणि काही दिसतच नाहीत. हा फरक रंगावर ठरत नाही. त्या वाणाचे पूर्वज कोण, यावर ठरतो, आणि त्याची खूण पाकिटावरच्या गटाच्या नावात असते.

ट्युलिपच्या रानटी जातींचं सर्वांत मोठं माहेर म्हणजे मध्य आशियातले तिएन शान आणि पामीर-अलाई हे डोंगर. तिथे हिवाळाभर बर्फ असतं, वसंतात ते वितळून भरपूर ओल मिळते आणि उन्हाळ्यात जमीन भाजून निघते. झाडाने आपलं चक्र याच हवामानाला जुळवून घेतलं. उन्हाळ्याच्या उबेत कोरड्या मातीत पडलेल्या कंदाच्या पोटात पुढच्या वर्षीचं फूल घडतं. मग १२ ते १६ आठवडे थंडी, साधारण ९ अंश सेल्सिअसच्या खाली, मिळाली की देठ लांबायला मोकळा होतो. थंडी कमी पडली तर कळी पानांच्या बेचक्यातच अडकते आणि बोटभर देठावर उघडते किंवा वाळून जाते. उन्हाळ्यात पाणी मिळत राहिलं तर कंद कुजतो. बागेत ट्युलिप बिघडण्याच्या निम्म्याहून अधिक तक्रारी या दोन वाक्यांत बसतात.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यायला हवी. ट्युलिपचा कंद कायमचा नसतो. फूल येऊन गेलं की जुना कंद संपतो आणि त्याच्या जागी एक मोठा व दोन-तीन लहान कंद तयार होतात. पुन्हा आलेलं ट्युलिप म्हणजे मागच्या वर्षीच्या कंदाचं पिल्लू. त्या पिल्लाला फुलण्याइतकं अंग धरता आलं की नाही, हा सगळा प्रश्न आहे.

बागेत ट्युलिपची निवड गंभीरपणे सुरू झाली ती ऑटोमन साम्राज्यात. इस्तंबूलच्या शौकिनांना बदामी आकाराचं, खंजिरासारख्या लांब टोकदार पाकळ्यांचं फूल हवं असे. सुलतान तिसऱ्या अहमदच्या काळात हा नाद इतका वाढला की १७१८ ते १७३० या वर्षांना पुढे इतिहासात ‘लाले देव्री’, म्हणजे ट्युलिपचा काळ, असंच नाव पडलं. ती वाणं आज उरलेली नाहीत. त्या घडणीचं काही हवं असेल तर ट्युलिपा अक्युमिनाटा मिळते. हिच्या पाकळ्या दोऱ्यासारख्या निमुळत्या, पिवळ्यावर लाल छटेच्या असतात. जातीसारखं शास्त्रीय नाव असलं तरी ही रानात कुठे सापडलेली नाही, त्यामुळे ती जुन्या बागांचीच शिल्लक मानली जाते. आजच्या लिली-फ्लॉवर्ड गटातली ‘व्हाइट ट्रायम्फेटर’ (१९४२) किंवा ‘बॅलेरिना’ (१९८०) ही टोकदार वाणं दिसायला जुन्या ऑटोमन चित्रांतल्या फुलांची आठवण देतात, पण तो वारसा थेट नाही, डच पैदाशीचा आहे.

पश्चिम युरोपात कोनराड गेस्नर या स्विस निसर्ग-अभ्यासकाने १५५९ साली आउग्सबर्गच्या एका बागेत फुललेलं लाल ट्युलिप पाहून त्याचं वर्णन केलं. पुढे लिनिअसने बागेतल्या ट्युलिपांना गेस्नेरियाना हे नाव दिलं ते त्याच्याच नावावरून. वनस्पतिशास्त्रज्ञ कारोलस क्लुसिअस १५९३ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या वनस्पती उद्यानात आला आणि पुढच्याच वसंतात तिथे ट्युलिप फुललं. १६३०च्या दशकात तिथे ट्युलिपच्या कंदांवर चाललेला सट्टा आणि फेब्रुवारी १६३७ मध्ये हार्लेममध्ये कोसळलेला बाजार ही गोष्ट पुष्कळदा सांगून झाली आहे. वाणांच्या दृष्टीने त्यातला एकच मुद्दा कामाचा: सर्वाधिक भाव मिळालेली फुलं रोगी होती.

ट्युलिपच्या पाकळीचा तळरंग पांढरा किंवा पिवळा असतो आणि त्यावर लाल-जांभळ्या रंगद्रव्याचा थर चढतो. एका विषाणूमुळे हा वरचा थर जागोजाग बनत नाही, तळरंग उघडा पडतो आणि फुलावर ज्वाळा किंवा पिसं काढल्यासारखी नक्षी उमटते. त्या काळच्या ‘सेम्पर ऑगस्टस’ या वाणाची तांबडी-पांढरी नक्षी अशीच होती. सतराव्या शतकात हे कुणालाच माहीत नव्हतं. एकरंगी फूल अचानक ‘फुटलं’ की मालकाला लॉटरी लागल्यासारखं होई, आणि फुटावं म्हणून लोक नाना खटपटी करत. मात्र फुटलेला कंद दर वर्षी अशक्त होतो आणि पिल्लं कमी देतो, हे क्लुसिअसच्या नजरेतून सुटलं नव्हतं. उत्तम नक्षीचं वाण दुर्मीळच राहणार आणि एक दिवस संपणार, हे त्या रोगातच लिहिलेलं होतं. अखेर १९२८ मध्ये इंग्लंडच्या जॉन इन्स संस्थेतल्या डोरोथी केली यांनी फुटलेल्या कंदाचा तुकडा निरोगी कंदाला जोडून दाखवलं की हा दोष एकातून दुसऱ्यात जातो. पुढे मावा त्याचा वाहक असल्याचं स्पष्ट झालं.

याचा आजच्या निवडीशी थेट संबंध आहे. ‘रेम्ब्राँट’ या नावाने आता विकली जाणारी पट्टेदार फुलं विषाणूची नसतात. त्यांचा रंग जनुकीय असतो, त्यामुळे ती बिनधास्त लावावीत. खरी फुटलेली वाणं, उदाहरणार्थ १६२० सालचं ‘झोमरस्खून’ किंवा १७८० सालचं ‘अब्सलॉन’, ही नेदरलँड्समधल्या लिमेनच्या होर्टस बल्बोरम या जुन्या कंदवाणांच्या बागेत आणि मोजक्या शौकिनांकडे जपलेली आहेत. ती मिळालीच तर इतर ट्युलिपांपासून आणि लिलीपासून दूर लावावीत, कारण हा विषाणू लिलीलाही धरतो. एक फसवी बाब अशी की शुद्ध पांढऱ्या आणि पिवळ्या वाणांत वरचा थरच नसल्याने रोग फुलावर दिसत नाही. शेजारच्या लाल फुलावर दर वर्षी पट्टे येत असतील तर संशय आधी त्यांच्यावर घ्यावा आणि पानांवर फिकट चट्टे आहेत का ते बघावं. रोगी झाड कंदासकट उपटून टाकायचं, औषध नाही.

एकोणिसाव्या शतकात आवड बदलली. नक्षीची जागा ठसठशीत एकरंगी फुलांनी आणि उंच, ताठ देठांनी घेतली. हार्लेमच्या क्रेलागे पेढीने १८८९च्या पॅरिस प्रदर्शनात अशी उंच, उशिरा फुलणारी ट्युलिपं मांडली आणि त्यांना डार्विनचं नाव दिलं. इथे एक घोळ होतो. जुन्या बागकामाच्या पुस्तकांतला ‘डार्विन’ गट आता अस्तित्वात नाही. १९८१च्या वर्गीकरणात तो ‘कॉटेज’ गटाबरोबर ‘सिंगल लेट’मध्ये विलीन झाला. आज पाकिटावर ‘डार्विन हायब्रीड’ असतं ते वेगळंच प्रकरण आहे.

त्यासाठी पुन्हा डोंगराकडे जावं लागतं. १८७०च्या दशकात सेंट पीटर्सबर्गच्या वनस्पती उद्यानातल्या एडुआर्ड रेगेल यांनी मध्य आशियातल्या तुर्केस्तानातून आलेल्या ग्रेगी आणि काउफमानियाना या जाती वर्णिल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला समरकंदजवळच्या डोंगरांतून प्रचंड लाल फुलाची फोस्टेरियाना आली. तिच्या ‘मादाम लेफेबर’ या वाणाचा जुन्या डार्विन ट्युलिपांशी संकर करून डी. डब्ल्यू. लेफेबर यांनी डार्विन हायब्रीड उभे केले. ‘अपेलडोर्न’ हे १९५१ सालचं. या संकरांपैकी बरेचसे त्रिगुणित आहेत, म्हणजे गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असलेले. त्यांचं अंग दणकट असतं आणि बी क्वचितच धरतं. फोस्टेरियानाकडून आलेला डोंगराळ चिवटपणाही आहे. बागेत चार-पाच वर्षं पुन्हा पुन्हा यावं अशी अपेक्षा असेल, तर उंच वाणांत पहिलं बोट याच गटावर ठेवावं: ‘अपेलडोर्न’, ‘गोल्डन अपेलडोर्न’, ‘पिंक इम्प्रेशन’, ‘ऑलिम्पिक फ्लेम’. नाजूकपणाची हौस असणाऱ्यांना ही फुलं थोडी भडक आणि ढोबळ वाटतात, आणि ती तक्रार खोटी नाही.

ट्रायम्फ गटाची गोष्ट उलटी. १९२०च्या दशकात लवकर फुलणारी ट्युलिपं आणि उंच डार्विन यांच्या संकरातून हा गट आला. मध्यम उंची, मजबूत देठ आणि हवा तो रंग, यामुळे फुलविक्रीच्या धंद्याला तो फार मानवला, आणि आज सर्वांत जास्त वाणं याच गटात आहेत. पण त्यांची पैदास मुख्यतः एका हंगामाच्या फुलासाठी झाली आहे. दुसऱ्या वर्षी फुलांची संख्या उघड घटते. कुंड्या आणि एका वसंताचे वाफे यांसाठी ट्रायम्फ घ्यावं, कायमच्या वाफ्यासाठी नाही.

पॅरट (झालरीसारख्या कातरलेल्या पाकळ्यांच्या) आणि डबल (जास्त पाकळ्यांच्या) वाणांत बरीचशी ‘स्पोर्ट’ म्हणून आली, म्हणजे एखाद्या कंदात आपोआप बदल होऊन. ‘फँटसी’ हे १९१०चं गुलाबी पॅरट ‘क्लारा बट’मधून निघालं, ‘ब्लॅक पॅरट’ (१९३७) ‘फिलिप द कोमिन’मधून. म्हणून अशा ताटव्यात मधेच एखादं साधं, मूळ रूपाचं फूल उगवलं तर दुकानदाराने फसवलं असं लगेच समजू नये, वाण उलटलेलं असू शकतं. पॅरटच्या फुलाचं वजन देठाला झेपत नाही, आणि ‘अँजेलिक’सारख्या डबल फुलात पावसाचं पाणी साठून मान मोडते. दोन्हींना वाऱ्याचा आडोसा हवा.

बियापासून फूल यायला पाच ते सात वर्षं, मग पिल्लांवरून विक्रीपुरते कंद व्हायला आणखी तितकीच किंवा जास्त. नवं वाण बाजारात येईतो वीसेक वर्षं जातात. ‘क्वीन ऑफ नाइट’ (१९४४) किंवा ‘प्युरिसिमा’ (१९४३) अजून यादीत आहेत त्यामागे हेही एक कारण आहे. इतकी दशकं टिकलेलं वाण सहसा भरवशाचं असतं. १७५० सालचं ‘कैझरस्क्रून’ तर लाल-पिवळ्या फुलांसह आजही लावता येतं.

आता पाकिटावरचा आकडा. मोठ्या फुलांच्या वाणांत घेर १२ सेंमी किंवा जास्त असावा. ११-१२ चालतो, १०च्या खाली फुलाची खात्री नाही. रानटी जातींचे कंद मात्र ५-७ सेंमीचेही फुलतात, त्यांना लहान म्हणून नाकारू नये. कंद हाताला जड आणि घट्ट लागला पाहिजे. वरचं तपकिरी साल फाटलेलं असेल किंवा थोडी निळसर बुरशी असेल तर बिघडत नाही. बूड मऊ, आंबूस वास असेल तर ती फ्युझेरियम बुरशीची कूज आहे, आणि तो कंद इथिलीन वायू सोडून शेजारच्या चांगल्या कंदांतल्या कळ्याही मारतो. पिकत्या फळांजवळ कंद ठेवायचे नाहीत ते याच वायूमुळे. सालावर टाचणीच्या टोकाएवढे काळे दाणे दिसले तर ती बोट्रिटिस ट्युलिपी, म्हणजे ट्युलिप फायर. असे कंद टाकून द्यावेत, आणि एकदा हा रोग आलेल्या वाफ्यात तीन वर्षं ट्युलिप लावू नये.

लावणी शरदाच्या शेवटी, माती चांगली गार झाल्यावर करावी. घाई केली तर पालवी लवकर फुटते आणि रोगाला फावतं. खोली कंदाच्या उंचीच्या तिप्पट, मोठ्यांसाठी १५ ते २० सेंमी. १२-१३ सेंमी अंतराने चौरस मीटरला साधारण ६० कंद बसतात. माती चिकण असेल तर खाली भरड वाळू. फूल उतरलं की बोंड खुडावं, पण पानं पिवळी होईपर्यंत, साधारण सहा आठवडे, कापू नयेत. पिल्लाचं अंग याच आठवड्यांत भरतं.

फुलण्याचे तीन टप्पे जुळवले तर वाफा सहा आठवडे चालतो: आधी काउफमानियाना, फोस्टेरियाना आणि सिंगल अर्ली, मग ट्रायम्फ आणि डार्विन हायब्रीड, शेवटी सिंगल लेट, लिली-फ्लॉवर्ड, पॅरट आणि ‘स्प्रिंग ग्रीन’सारखी हिरव्या पट्ट्यांची विरिडिफ्लोरा.

वर्षानुवर्षं हात न लावता राहणारी ट्युलिपं हवी असतील तर मात्र मूळ जातींकडेच वळावं. टार्डा, प्रेस्टान्स, तुर्केस्तानिका या निचऱ्याच्या, उन्हाच्या जागी स्वतःच पसरतात. ग्रेगी गटातलं ‘रेड रायडिंग हूड’ पानांवरच्या जांभळ्या रेघांसाठीही लावण्यासारखं आहे. हिवाळा सौम्य असेल तिथे क्लुसियाना, तिचं ‘लेडी जेन’ आणि क्रीट बेटावरची साक्साटिलिस यांना कमी थंडी पुरते. साक्साटिलिस जमिनीखाली धावते फुटवे सोडून फार पसरते आणि मोकळ्या, सकस मातीत फुलांऐवजी नुसती पानं देते. तिला भिंतीच्या पायथ्याशी, दगडांच्या फटीत, हलक्या मातीत कोंडून लावावं.