काँक्रीटची क्लोराइड चाचणी (आरसीपीटी)

मिठातलं क्लोराइड काँक्रीटमधून आत सळईपर्यंत किती सहज पोचेल याचा अंदाज लॅबमध्ये घ्यायची ही पद्धत. पूर्ण नाव रॅपिड क्लोराइड पर्मिएबिलिटी टेस्ट, पण साइटवर आणि लॅबमध्ये सगळे आरसीपीटीच म्हणतात. अमेरिकेत डेव्हिड व्हायटिंग यांनी १९८१ मध्ये ती मांडली, आणि आज एएसटीएम सी १२०२ या अमेरिकन स्टँडर्डप्रमाणे ती केली जाते.

काँक्रीट मुळात अल्कलाइन असतं, पीएच साडेबाराच्या आसपास किंवा वर, त्यामुळे सळईवर एक अगदी पातळ थर तयार होतो आणि तोच तिला गंजण्यापासून वाचवतो. क्लोराइड नेमका तोच थर फोडतं. मग गंज धरतो, गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट होतं, आणि आतून दाब आला की कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फुगून तडकतं, स्लॅबखालचे पोपडे पडायला लागतात.

आता सांगलीत समुद्र कुठंय, इथं कशाला ही टेस्ट, असं पुष्कळ जण विचारतात. घाट उतरून कोकणात पुलाचं काम घेणाऱ्यांना ती लागतेच, पण आपल्याकडंही मीठ आहे, जमिनीत आहे. वाळवा, पलूस, मिरज भागात कृष्णाकाठी उसाला वर्षानुवर्षं बेसुमार पाणी दिलं, निचरा झाला नाही आणि रानं क्षारपड झाली, उन्हाळ्यात पांढरा थर दिसतो तो हाच. त्या क्षारांत क्लोराइड असतं, सल्फेटही असतं, आणि अशा रानात घराचा पाया किंवा जमिनीतली टाकी बांधायची तर काँक्रीट किती घट्ट आहे हे बघायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. मात्र बोअरचं खारं पाणी काँक्रीट कालवतानाच वापरलं तर तो दोष ही टेस्ट दाखवत नाही, तिथं पाणीच तपासावं लागतं, आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय स्टँडर्डप्रमाणे आरसीसीसाठी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटसाठी, पाण्यात लिटरला ५०० मिलीग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही.

टेस्टसाठी १०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमधून ५० मिलिमीटर जाडीची चकती कापतात, कडेला इपॉक्सी लावतात, मग व्हॅक्युममध्ये तीन तास ठेवून हवा काढतात, पंप चालू ठेवूनच पाणी सोडतात, आणखी तासभर पंप चालवतात आणि मग साधारण १८ तास भिजत ठेवतात. ही पायरी घाईत उरकली तर पुढचं सगळं वाया. भिजलेली चकती दोन सेलच्या, म्हणजे द्रावण भरायच्या कप्प्यांच्या, मधे घट्ट बसवायची, एका बाजूला ३ टक्के मिठाचं पाणी, तिकडं निगेटिव्ह, दुसऱ्या बाजूला ०.३ नॉर्मल तीव्रतेचं कॉस्टिक सोड्याचं पाणी, तिकडं पॉझिटिव्ह, आणि ६० व्होल्ट डीसी सहा तास. दर अर्ध्या तासाला करंट लिहायचा. करंट गुणिले सेकंद म्हणजे चकतीतून गेलेली एकूण वीज, ती कूलॉममध्ये मोजतात. सरासरी १०० मिलिअँपिअर आला तर सहा तासांचे २१,६०० सेकंद, म्हणजे एकूण २,१६० कूलॉम. ४,००० च्या वर म्हणजे क्लोराइड भरपूर शिरेल, २,००० ते ४,००० मध्यम, १,००० ते २,००० कमी, त्याखाली फारच कमी, आणि १०० च्याही खाली गेलं तर नगण्य.

मी एकदा सेलचं गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारं रबर, नीट दाबलं नव्हतं, पाणी कडेनं झिरपलं, करंट वाढत गेला आणि चकतीचा आकडा भलताच आला, काँक्रीटमध्ये काहीच दोष नव्हता. तेव्हापासून सेल भरल्यावर खाली कोरडा कागद ठेवून पाच मिनिटं थांबतो, ओल दिसली की परत उघडतो. तसंही एकाच माणसानं, एकाच काँक्रीटवर केलेल्या दोन टेस्टमध्ये ३४ टक्क्यांपर्यंत फरक येऊ शकतो असं स्टँडर्डच सांगतं, म्हणून एका चकतीवर काम भागवू नये.

आणि हे नीट समजून घ्या, ही टेस्ट क्लोराइड मोजतच नाही. मोजते ती वीज, आणि वीज वाहून नेण्यात काँक्रीटच्या छिद्रांतल्या पाण्यात असलेले सगळेच आयन भाग घेतात. गंज रोखायला कॅल्शियम नायट्राइट घातलेलं असेल तर आकडा फुगून येतो, काँक्रीट वाईट नसतानाही. शिवाय कच्च्या काँक्रीटमधून करंट जास्त गेला की द्रावण तापतं, तापलं की करंट आणखी वाढतो, म्हणजे वाईट काँक्रीट आहे त्याहून वाईट दिसतं. फ्लायॲश (कोळशाची राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) घातलेल्या मिक्सचा आकडा २८ दिवसांना जास्त असतो आणि ५६ किंवा ९० दिवसांना बराच उतरतो, म्हणून रिपोर्टवर वय आणि पाणी किती दिवस मारलं हे नसेल तर नुसत्या कूलॉमवरून मिक्स नाकारणं अन्यायाचं आहे.

क्लोराइड खरोखर कुठवर गेलं ते बघायचं तर एनटी बिल्ड ४९२ ही नॉर्डिक पद्धत आहे. त्यातही वीजच लावतात, पण नंतर चकती मधोमध फोडून ताज्या फुटक्या तोंडावर सिल्व्हर नायट्रेट फवारतात, आणि थोड्या वेळात मिठाच्या बाजूनं पांढरा पट्टा उमटतो, पलीकडचं काळपट होत जातं. त्या पट्ट्याची खोली दर १० मिलिमीटरला पट्टीनं मोजायची. हातमोजे घातले नाहीत तर बोटांवरचे काळे डाग चांगले आठवडाभर जात नाहीत.