धातूवरचा थेंब वाळतो तेव्हा

सांधा बदलून आलेल्या माणसाचं दुखणं थांबलं नाही की घरचे म्हणतात, "शरीरानं धातू नाकारला." दुसऱ्याचं मूत्रपिंड शरीर नाकारतं, कारण त्या पेशी परक्या म्हणून ओळखू येतात. कृत्रिम सांध्यात वापरतात त्या टायटॅनियम धातूला पेशीच नसतात. त्याच्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर आपोआप चढतो आणि हाड त्याला घट्ट बिलगतं. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना स्वीडनमध्ये 1950 च्या दशकात सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियम काढता येईना, तेव्हा हे लक्षात आलं.

बिघडतं ते बहुधा दोन कारणांनी: सांधा सैल होतो, नाहीतर जंतू शिरतात. जंतू धातूवर बुळबुळीत थर धरून बसले की गोळ्या-इंजेक्शनांना फारशी दाद देत नाहीत. अशा वेळी चुंबकाचा पट्टा बांधून आठवडे घालवू नका. सूज आणि ताप असेल तर लगेच शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना गाठा.

मग औषध आधीच धातूवर लावून ठेवलं तर? सोबत हाडाला आवडणारं कॅल्शियम फॉस्फेटही. हे सिरॅमिक धातूवर चढवायची रुळलेली पद्धत प्लाझ्मा फवाऱ्याची, पण त्याच्या हजारो अंशांच्या झोतात प्रतिजैविक टिकणार नाही. शाईचे थेंब उडवणाऱ्या इंकजेट प्रिंटरला मात्र असा जाळ लागत नाही. विजेच्या झटक्यानं त्याच्या नळीला लावलेला स्फटिक आकसतो आणि नळीच्या तोंडातून 10 पिकोलिटरचा थेंब सुटतो. त्याचा व्यास सुमारे 27 मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षा बारीक. शाईत असतं औषध, पीएलजीए, म्हणजे शरीरात विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्यांतलं पॉलिमर, आणि सिरॅमिकचे नॅनोकण.

खरी गंमत थेंब धातूवर पडल्यावर सुरू होते. टेबलावर सांडलेल्या कॉफीचा डाग आठवा: कडा गडद, मध्य फिका. थेंबाची कड पृष्ठभागाला चिकटून जागेवरच राहते, आणि बाष्पीभवन कडेलाच सर्वात जोरात होतं. तिथली तूट भरून काढायला आतला द्रव कडेकडे धावतो आणि कणांना ओढून नेतो. 1997 मध्ये शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी हे उलगडून दाखवलं. आपल्या थेंबात असं झालं तर सिरॅमिकचं नुसतं कडं उरेल आणि मध्य जवळजवळ उघडा पडेल.

उपाय मला फार सुंदर वाटतो. शाईतल्या द्रावकात, म्हणजे पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवात, सावकाश उडणारा आणि कमी पृष्ठताणाचा (द्रवाच्या पृष्ठभागाला आवळून धरणारी ओढ म्हणजे पृष्ठताण) दुसरा द्रावक मिसळायचा. कडेला पहिला द्रावक आधी उडून जातो, त्यामुळे तिथं दुसऱ्याचं प्रमाण वाढतं आणि पृष्ठताण मध्यापेक्षा कमी होतो. द्रवाचा पृष्ठभाग नेहमी जास्त ताणाच्या दिशेनं ओढला जातो. म्हणून वरच्या वर एक उलटा प्रवाह सुरू होतो, कडेकडून मध्याकडे, आणि कण परत आणतो. याला मारांगोनी प्रवाह म्हणतात.

न्यू जर्सीच्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी रिफाम्पिसिन हे प्रतिजैविक, कॅल्शियम फॉस्फेट आणि पीएलजीए यांचे असे सूक्ष्म ठिपके छापल्याचं 2012 मध्ये प्रसिद्ध झालं. हे प्रयोगशाळेतलं काम आहे, 'प्रिंटरनं हाड बनवलं' असल्या मथळ्यांशी त्याचा संबंध नाही.

ठिपक्यांचा आणखी एक फायदा. पाणी शिरलं की पीएलजीए तुटून लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक आम्ल होतं. जाड तुकड्यात ते आम्ल आतच साचतं आणि तुटणं आणखी वेगानं होतं. बारीक ठिपक्यातून ते चटकन बाहेर झिरपतं, आणि जे उरतं ते शेजारचं कॅल्शियम फॉस्फेट शमवतं.